पीक, पाहुणे आणि पाठवणी : रायपूरमधील शारद सणांचा एक तौलनिक विचार

१

युरोपीय धर्मेतिहासातील 'पेगन' ही संज्ञा मराठीत आणताना अडचण येते. 'मूर्तिपूजक' म्हटले तर विधीपेक्षा मूर्तीला महत्त्व मिळते. 'निसर्गपूजक' म्हटले तर माणूस आणि निसर्ग यांच्यातील अंतर आधीच गृहीत धरले जाते. 'पाखंडी' या शब्दात तर निवाडाच देऊन टाकलेला असतो. मूळ शब्द त्या मानाने साधा आहे. लॅटिनमध्ये 'पागुस' म्हणजे ग्रामीण विभाग आणि 'पागानुस' म्हणजे त्या विभागातला रहिवासी. इसवी सनाच्या चौथ्या शतकापासून ख्रिस्ती समाजात हा शब्द जुन्या देवतांना धरून राहिलेल्यांसाठी रूढ झाला आणि स्थलवाचक शब्दाला धर्मवाचक अर्थ चिकटला. मराठीतील 'ग्राम्य' आणि 'गावंढळ' या शब्दांचा प्रवास याच दिशेने झाला असला, तरी 'ग्रामदैवत' या शब्दाने आपली प्रतिष्ठा राखली आहे. पेगन परंपरेतील शारद सणांचा आध्यात्मिक अर्थ शोधताना मराठी अभ्यासकाला ग्रामदैवताच्या या अंगाने जाणे सोयीचे ठरते. ग्रंथाने प्रमाणित केलेल्या सिद्धान्तापेक्षा स्थळ, ऋतू आणि कृती यांच्या मेळातून ज्याचा अर्थ उलगडतो असा धर्मव्यवहार, असा मर्यादित अर्थ या निबंधात अभिप्रेत आहे.

या व्यवहाराचे सर्वांत प्रभावी स्पष्टीकरण जेम्स फ्रेझर यांनी दिले. १८९० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'द गोल्डन बाउ' या ग्रंथात आणि त्याच्या पुढील विस्तारांत त्यांनी ऋतूत्सवांचा उलगडा सुफलीकरणाच्या यातुविधींच्या रूपाने केला. धान्य उगवावे म्हणून धान्य उगवण्याचे अनुकरण करायचे, असे या उपपत्तीचे थोडक्यात सूत्र आहे. मराठी लोकसंस्कृतीच्या अभ्यासावर या विचाराची दाट छाया आहे. घटस्थापना, भोंडला, हादगा यांचे विवेचन करताना 'सुफलीकरण विधी' ही संज्ञा इतक्या सहजतेने वापरली जाते की तिच्यापुढे प्रश्न संपल्यासारखा वाटतो.

परंतु एक साधी शंका उरते. विधीचे प्रयोजन पीक हेच असेल तर जिथे शेत नाही तिथे तो विधी निष्प्राण व्हायला हवा. या दृष्टीने शेतापासून तुटलेल्या नागर वस्तीतील सण हे या उपपत्तीच्या कसोटीचे स्थळ ठरतात. रायपूरमधील समता कॉलनी आणि तिच्या लगतची चौबे कॉलनी हा असा एक परिसर आहे. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. मराठी आणि छत्तीसगढी अशा दोन परंपरांचे शारद सण या भागात एकमेकांच्या कानांवर पडतात. दोन्हींचा मूळ आधार कृषिजीवन आहे आणि दोन्ही आता सिमेंटच्या अंगणात पार पडतात. त्यांच्या अर्थाचा विचार येथे अन्य परंपरांच्या तुलनेने केला आहे.

२

रायपूरच्या मराठी वस्तीला इतिहास आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत यांनी रतनपूरच्या हैहय राज्यावर स्वारी केली. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथे राहून छत्तीसगढचा कारभार पाहिला. कारभारात मराठी भाषा आणि मोडी लिपी आली. १८१८ नंतर ब्रिटिश देखरेखीच्या काळात कर्नल अ‍ॅग्न्यू यांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले. १८५४ मध्ये नागपूर राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच प्रशासकीय रचनेत होती. नोकरी, वकिली, शिक्षण यांच्या निमित्ताने विदर्भातील कुटुंबे या वाटेने पूर्वेकडे सरकत राहिली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले तेव्हा रायपूरची मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तेथील झालेली होती.

भाषेच्या सीमाही येथे सैल आहेत. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ मधील सातव्या खंडात बस्तरच्या हलबीचा समावेश मराठीच्या संदर्भात केलेला आहे. मराठी, छत्तीसगढी आणि ओडिया यांच्या संगमावरची ही भाषा आहे. जिथे भाषा अशा मिसळतात तिथे सणही मिसळतात. मात्र ते मिसळताना कोण कोणाला काय देतो, याचा हिशेब सत्तेच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

विजयादशमीचे 'सोने' हे त्याचे उत्तम उदाहरण. दसऱ्याला पाने सोने म्हणून देण्याची प्रथा बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरमध्ये सुरू केली, अशी नोंद छत्तीसगढच्या इतिहासलेखनात वारंवार आढळते. छत्तीसगढीत त्या पानाला 'सोनपत्ती' असे नाव मिळाले. आपट्याच्या पानाची कथा रघुराजा, कौत्स आणि कुबेराने पाडलेला सुवर्णमुद्रांचा पाऊस यांच्याशी जोडलेली आहे, तर मराठा काळात दसरा हा सीमोल्लंघनाचा, म्हणजे पावसाळा संपल्यावर मोहिमेवर निघण्याचा दिवस होता. एका अर्थी हे पान लष्करी सत्तेबरोबर छत्तीसगढात आले. सत्ता गेली, सीमोल्लंघन प्रतीकापुरते उरले. एकमेकांना पान देण्याची कृती मात्र टिकली. लुटीचे सोने मागे पडले आणि लहानाने मोठ्याच्या हातावर पान ठेवून पाया पडावे, मोठ्याने 'सोन्यासारखा राहा' म्हणावे, एवढे राहिले. विधीचे राजकीय कारण लोप पावूनही विधी उरतो, तेव्हा त्याला दुसरे काही प्रयोजन असले पाहिजे.

३

तुलनेत प्रवेश करण्यापूर्वी ऋतूविषयीची एक गफलत दूर करणे आवश्यक आहे. उत्तर युरोपातील ऑटम म्हणजे पानगळ, ओसरता प्रकाश, हिवाळ्याची चाहूल. भारतीय शरद याच्या उलट आहे. आकाश निवळते, नद्या भरून वाहत असतात, चांदणे सर्वांत स्वच्छ असते. छत्तीसगढच्या खाचरांत धान निसवून दाणे भरत असते. पानगळ शिशिरात येते. वैदिक भाषेत 'शरद' हा शब्द 'वर्ष' या अर्थानेही येतो. दीर्घायुष्याचे मागणे शंभर शरदांचे असते. त्यामुळे 'मावळता ऋतू, म्हणून मृत्यूचे स्मरण' हे युरोपीय समीकरण येथे लागू होत नाही. तरीही शरदाचा आरंभ मृतांच्या स्मरणानेच होतो. ही विसंगतीच खरी अभ्यासनीय आहे.

पितृपक्षाची अमावास्या संपली की दुसऱ्या दिवशी घट बसतात. एका पंधरवड्यात पितरांना अन्न, लगेच पुढच्यात बीजाला माती. या क्रमात मराठी आणि छत्तीसगढी घरांची कालगणना भिन्न आहे. अमान्त पंचांग मानणाऱ्या मराठी घरात पितृपक्ष भाद्रपद वद्यात येतो. पूर्णिमान्त पंचांगाच्या छत्तीसगढी घरात तोच पंधरवडा 'कुंवार' म्हणजे आश्विन महिन्याचा असतो. दिवाळीची अमावास्याही एका घरी आश्विनातली, दुसऱ्या घरी कार्तिकातली. महिन्याचे नाव वेगळे आणि रात्र एकच. शुक्ल पक्ष लागला की दोन्ही पंचांगे पुन्हा एका नावावर येतात.

मृतांमागून बीज हा क्रम केवळ भारतीय नाही. अथेन्सच्या पंचांगात बोएद्रोमिओन महिन्याच्या पाचव्या दिवशी 'गेनेसिया' हा मृतांचा सण असे. त्याच महिन्याच्या मध्याला एल्युसिसचे रहस्यविधी सुरू होत आणि पुढील प्यानोप्सिओन महिन्यात, पेरणीच्या तोंडावर, स्त्रियांचा 'थेस्मोफोरिया' हा तीन दिवसांचा उत्सव येई. अथेन्सवासी पूर्वी मृतांना 'देमेतेरचे' म्हणत, असे प्लूटार्क सांगतो. दफनाच्या जागी धान्य पेरण्याची अथेन्समधील जुनी चाल सिसेरोने नोंदवली आहे. ज्या मातीत मृत जातात त्याच मातीतून अन्न येते, हा अनुभव दोन्ही संस्कृतींनी पंचांगाच्या क्रमात बसवला आहे.

भारतीय शरदाला आणखी एक चौकट आहे. आषाढ शुद्ध एकादशीला विष्णू निजतो आणि कार्तिक शुद्ध एकादशीला जागा होतो. छत्तीसगढीत या जागरणाच्या सणाला 'जेठौनी' म्हणतात. पितृपक्ष, नवरात्र, कोजागरी, दिवाळी, बलिप्रतिपदा हे सर्व या निद्राकाळात येतात. जगाचा पालनकर्ता निजलेला असताना घरी येतात ते पितर, देवी, लक्ष्मी, पाताळातला बळी, गायीगुरे आणि मातीचा पोपट. ज्यांना एरवी उंबऱ्याबाहेर, जमिनीखाली किंवा गोठ्यात जागा असते, त्यांचा हा काळ आहे. शरदातील प्रत्येक सणात कोणीतरी पाहुणा येतो, त्याला जेवू घातले जाते आणि ठरलेल्या तिथीला त्याची पाठवणी होते. पाहुण्याला ठेवून घेतले जात नाही.

आयर्लंडमधील साव्हिन या १ नोव्हेंबरच्या सणाचा दाखला येथे अपेक्षित असतो. त्या रात्री दोन जगांमधील पडदा विरळ होतो आणि मृत घरी परततात, ही समजूत आता सर्वत्र पसरली आहे. रोनाल्ड हटन यांनी १९९६ च्या 'द स्टेशन्स ऑफ द सन' या ग्रंथात दाखवून दिले की साव्हिन हा प्राचीन केल्टिक मृतोत्सव असल्याचा पुरावा तोकडा आहे. मृतांचा संबंध बऱ्याच अंशी सर्व संतांच्या आणि सर्व आत्म्यांच्या ख्रिस्ती सणांतून आला असावा. आजच्या नवपेगन पंथांचे आठ सणांचे वर्षचक्रही १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये आकाराला आले आणि शरदसंपाताच्या सणाला 'मेबन' हे नाव १९७० च्या दशकात मिळाले. यामुळे त्या पंथीयांच्या श्रद्धेचे मोल कमी होत नाही. तुलनेसाठी मात्र सलग आचरणातील परंपरा आणि पुनर्रचित परंपरा यांत भेद करणे भाग आहे. रायपूरच्या वस्तीतील सण पुस्तकातून पुन्हा उभे केलेले नाहीत. ते एका अंगणातून दुसऱ्या अंगणात आलेले आहेत.

४

घटस्थापनेचा विधी सर्वपरिचित आहे. पत्रावळीवर किंवा टोपलीत माती पसरून तीत गहू किंवा सप्तधान्य पेरतात, मध्ये पाण्याचा घट ठेवतात, रोज एक माळ चढवतात. नऊ दिवसांत फिकट पिवळे-हिरवे अंकुर वर येतात. दसऱ्याला ते उपटून देवाला वाहतात, पुरुष पागोट्यात किंवा टोपीत खोवतात, स्त्रिया केसांत माळतात आणि उरलेले पाण्यात सोडतात. छत्तीसगढात याचे समांतर रूप 'जंवारा' आहे. चैत्र आणि कुंवार अशा दोन्ही नवरात्रांत टोपल्यांत गहू पेरून अंधाऱ्या जागी वाढवतात; देवीची जसगीते गाऊन स्त्रिया ते डोक्यावरून तळ्याकडे नेतात आणि विसर्जित करतात. रायपूरच्या पुरानी बस्तीतील महामाया मंदिरात याच काळात ज्योतिकलश उजळतात.

रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' या १९७८ च्या ग्रंथात घट, माती आणि मातृदेवता यांचे नाते विस्ताराने उलगडले. द. दा. कोसंबी यांनी १९६२ च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'त महाराष्ट्रातील मातृदेवतांच्या स्थानांचा मागोवा घेतला. या दोघांनी दाखवलेली प्राचीनता मान्य करूनही एक वस्तुस्थिती नजरेआड होता कामा नये. घटातील धान्य कधीही पिकत नाही. त्याला कणीस येऊ देत नाहीत.

फ्रेझर यांना याचे साम्य ग्रीसमधील 'अदोनिसच्या बागां'शी दिसले. ग्रीक स्त्रिया मडक्यांत गहू, सातू, बडीशेप, सालाद यांचे बी पेरीत, ते झपाट्याने उगवे, लगेच कोमेजे आणि मग झऱ्यात किंवा समुद्रात सोडले जाई. फ्रेझर यांनी छोटा नागपूरच्या उराव आणि मुंडा समाजांतील सातूच्या अंकुरांचे आणि राजपुतान्यातील गौरीच्या उत्सवाचे दाखलेही याच प्रकरणात दिले आणि सर्वांचे एकच स्पष्टीकरण केले. मार्सेल देतिएन यांनी १९७२ मध्ये या स्पष्टीकरणाला हादरा दिला. त्यांच्या मते अदोनिसच्या बागा म्हणजे शेतीचे अनुकरण नसून शेतीचा व्यत्यास होत: भर उन्हाळ्यात, अवेळी, मुळे न धरता उगवलेले आणि निष्फळ ठरणारे ते बी देमेतेरच्या गंभीर कृषिधर्माच्या विरुद्ध टोकाला आहे. प्लेटोच्या 'फीद्रस'मध्येही समंजस शेतकरी आपले खरे बी आठ दिवसांच्या बागेत घालवणार नाही, असा दृष्टांत येतो.

आकृती सारखी असली तरी ऋतू अर्थ पालटतो, हा देतिएन यांच्या विवेचनातला धडा घटाला लावून पाहिला तर वेगळे चित्र दिसते. घट उन्हाळ्यात बसत नाही. खरिपाचे दाणे भरत असताना आणि रब्बीची पेरणी जवळ आली असताना बसतो. तो थट्टेचा विषय नाही, घरातला अत्यंत सोवळ्याचा कोपरा त्याच्यासाठी असतो. म्हणजे तो निष्फळतेचे प्रतीक नाही आणि पिकाचे अनुकरणही पुरे करत नाही. मग त्या अंकुराचे फळ कोणते?

उत्तर छत्तीसगढातील एका प्रथेत स्पष्ट होते. श्रावणात पेरलेल्या 'भोजली'चे अंकुर राखीच्या दुसऱ्या दिवशी विसर्जित करतात. त्यांतले काही काढून स्त्रिया एकमेकींच्या कानावर खोवतात आणि त्या क्षणापासून त्या आयुष्यभराच्या मैत्रिणी होतात. एकमेकींना नावाने हाक न मारता 'भोजली' म्हणतात. जंवाऱ्याच्या अंकुरांनीही असे नाते जोडले जाते. हे नाते जात आणि कुळ ओलांडू शकते, सुखदुःखात ते सख्ख्या नात्यासारखे पाळले जाते. कोवळ्या अंकुराचे कणीस होत नाही, त्याचे नाते होते. टोपीत खोवलेला घटाचा अंकुर आणि हातावर ठेवलेले आपट्याचे पान यांचा अर्थही याच अंगाने लागतो. जे पिकवून खायचे त्यातला पहिला हिरवा भाग न खाता देऊन टाकायचा आणि त्या देण्याने माणसे बांधायची.

५

शरदातील दुसरी पाहुणी म्हणजे लेक. साहित्याच्या दृष्टीने हा भाग सर्वांत समृद्ध आहे.

विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर भुलाबाई बसते. भुलाबाई आणि भुलोजी म्हणजे भिल्लरूपातील पार्वती-शंकर. एका प्रचलित कथेनुसार सारीपाटात हरून रुसून गेलेल्या शंकराला पार्वतीने भिल्लिणीच्या रूपाने भुलवले. पश्चिम महाराष्ट्रात सूर्य हस्त नक्षत्रात गेल्यावर हादगा किंवा भोंडला मांडतात; पाटावरच्या हत्तीभोवती मुली फेर धरतात. गाण्यांचा देव नावापुरता शिवपार्वतीचा, विषय सासर-माहेराचा: माहेरी जाण्याची परवानगी, सासूचे बहाणे, भावाची वाट. शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची आणि वाटून खायची. रायपूरच्या मराठी घरांत भुलाबाई विदर्भातून आली.

याच सुमारास, दिवाळी जवळ आली की, छत्तीसगढी स्त्रिया टोपलीत धान भरून त्यावर मातीचा पोपट ठेवतात आणि घरोघरी 'सुवा' नाचतात. टोपली मध्ये, स्त्रिया वर्तुळात, टाळ्यांचा ठेका, वाद्य नाही. शहरातील कॉलन्यांच्या फाटकांशीही हे गट येतात आणि त्यांना धान किंवा पैसे देण्याची रीत आहे. गाणे पोपटाला उद्देशून असते. तो निरोप्या आहे. व्हेरिअर एल्विन यांच्या १९४६ च्या 'फोक-साँग्ज ऑफ छत्तीसगढ' या संग्रहाने या प्रदेशातील स्त्रीगीतांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पोपट हा धानाचा शत्रू. उभ्या पिकाच्या लोंब्या तो तोडून नेतो. त्यालाच धानावर बसवून मनातले सांगायचे, यात शत्रूलाही पाहुणा करण्याची वृत्ती आहे. जमलेले धान पारंपरिक रीतीने गौरा-गौरीच्या लग्नासाठी खर्च होते. 'सुरहुत्ती'च्या म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या रात्री, मुख्यत्वे गोंड समाजाच्या पुढाकाराने, मातीचा गौरा बैलावर आणि गौरी कासवावर बसवून त्यांची वरात निघते. रात्रभर लग्न चालते आणि सकाळी वधूवर तळ्यात विसर्जित होतात.

होमरच्या नावावरील देमेतेर-सूक्तात कोरी फुले वेचत असताना जमीन दुभंगते आणि पाताळाचा राजा तिला नेतो. माता धान्य रोखून धरते, तडजोड होते, डाळिंबाचा दाणा खाल्ल्यामुळे लेकीला वर्षाचा तिसरा भाग सासरी काढावा लागतो. तिचे जाणे म्हणजे हिवाळा, असे सामान्यतः मानले जाते. मार्टिन निल्सन यांनी मात्र भूमध्य सागरी हवामानाकडे लक्ष वेधून असे मांडले की उन्हाळ्यात जमिनीखालच्या कोठारात ठेवलेले बियाणे शरदात पेरणीसाठी वर येते, तेच कोरीचे परतणे. हा अर्थ मानला तर ग्रीक शरद हाही लेकीच्या आगमनाचा ऋतू ठरतो. बंगालमध्ये तर हे सूत्र उघडच आहे: दुर्गा म्हणजे माहेरी आलेली उमा, आगमनी गीतांत तिची वाट पाहणे आणि विजया गीतांत तिची पाठवणी.

या चार परंपरांत कथनाचा दृष्टिकोन बदलतो आणि तो बदल अर्थपूर्ण आहे. ग्रीक सूक्त मातेचा क्रोध सांगते. तो क्रोध देवांनाही वाकवतो. बंगाली गीतांत मातेचा आवाज आहे, पण तो असहाय आहे. भुलाबाईच्या आणि भोंडल्याच्या गाण्यांत लेक स्वतः बोलते, पुष्कळदा थट्टेच्या सुरात. सुव्यात बोलणारी स्त्री आहे, पण ऐकणारे माणूस नाही, म्हणून पक्षी आहे. सासर-माहेर ही कौटुंबिक व्यवस्था आणि बीज-कोठार ही कृषिव्यवस्था एकमेकींचे रूपक होतात. तथापि रूपकाने दुःख झाकले जाऊ नये. बी मातीत गेल्यावाचून पीक नाही, हे खरे. परंतु लेकीला मातीत घालण्याचे समर्थन त्यातून निघत नाही. ही गाणी त्या समर्थनाला नकार देतात. विधी निरोप देतो आणि गाणे त्या निरोपाची किंमत सांगते. शारद सणांतील आध्यात्मिक प्रामाणिकपणा या ताणात आहे.

६

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला दोन्ही पंचांगे एका नावावर येतात, हे वर पाहिले. त्या दिवशी मराठी घर बळीची आठवण करते आणि छत्तीसगढी घर गोवर्धनाची. दोन्ही सणांना स्वतंत्र मानण्याची पद्धत आहे. त्यांचा एकत्र विचार केला तर एक लक्षणीय गोष्ट हाती येते.

बळी हा इंद्राला जिंकणारा असुर राजा. वामनाने त्याला पाताळात घातले, पण वर्षातून एकदा आपल्या प्रजेला भेटण्याची मुभा मिळाली. मराठी शेतकरी घरांत या सुमारास इडापिडा टळण्याची आणि बळीचे राज्य येण्याची कामना बोलून दाखवतात. जोतीराव फुले यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त या कथेचे सामाजिक वाचन केले आणि बळीला शेतकरी बहुजनांचा न्यायी राजा म्हणून उभे केले. केरळात ओणमला महाबलीचे आगमन होते, ते याच स्मृतीचे दुसरे रूप. दुसरीकडे गोवर्धनाची कथा इंद्राची पूजा थांबवून डोंगराची आणि गायींची पूजा करण्याची आहे. छत्तीसगढात त्या दिवशी शेणाचा गोवर्धन करतात, तो गायींकडून तुडवून घेतात आणि ते शेण एकमेकांच्या कपाळाला लावून भेटतात. राऊत गुराख्यांनी गुरांच्या गळ्यात 'सोहई' बांधायची, गुरांना खिचडी घालायची. दुसऱ्या दिवशी 'मातर' आणि पुढे जेठौनीपासून राऊतनाचा. विदर्भ-खानदेशातही याच दिवशी दारात शेणाचे पांडव आणि गवळणी मांडण्याची पद्धत आहे.

एकाच तिथीला शेजारची दोन घरे इंद्राच्या दोन विरोधकांचा मान करतात. एकाने त्याचे राज्य घेतले, दुसऱ्याने त्याचा नैवेद्य बंद केला. इंद्र हा पावसाचा स्वामी. चार महिने ज्याच्या मर्जीवर सर्व अवलंबून होते, त्याचे काम शरदात संपते. शेतकऱ्याला प्रथमच आभाळाकडे न पाहता जगता येते. आभाळावरचे अवलंबन संपताच मान वळते ती जमिनीकडे: जमिनीखालच्या राजाकडे, डोंगराकडे, गायीकडे, शेणाकडे. या वळण्यात कृतज्ञता आहे आणि स्वातंत्र्यही आहे. पराभूताला वर्षातून एक दिवस राजा मानणे ही साधी गोष्ट नाही. विजयाचा सण दहाव्या दिवशी साजरा करणारा समाज सुमारे तीन आठवड्यांनी जिंकल्या गेलेल्याचे स्वागत करतो, तेव्हा त्याच्या पंचांगात न्यायाची एक जागा राखून ठेवलेली असते. फुले यांनी तीच जागा ओळखली.

बस्तरचा दसरा या संदर्भात पाहण्यासारखा आहे. श्रावण अमावास्येपासून पंचाहत्तर दिवस चालणाऱ्या या उत्सवात रावणदहन नाही. दंतेश्वरी ही मुख्य देवता. गावोगावचे देव जगदलपूरला येतात आणि शेवटी कुटुंब-जात्रेत त्यांना सन्मानाने निरोप दिला जातो. येथेही सणाची पूर्तता पाहुण्यांच्या पाठवणीत आहे.

७

आता आरंभीच्या प्रश्नाकडे परतता येते. समता कॉलनीसारख्या वस्तीत घटाची माती विकत आणावी लागते, आपट्याची पाने बाजारातून येतात, सुव्याच्या टोपलीतले धान नाचणाऱ्यांच्या स्वतःच्या शेतातले असेलच असे नाही. पीक या विधींच्या कक्षेबाहेर गेलेले आहे. फ्रेझर यांच्या उपपत्तीनुसार येथे केवळ अवशेष उरायला हवेत. प्रत्यक्षात पितरांना पान वाढले जाते, घट बसतो आणि उठतो, भुलाबाई येते आणि जाते, सोने दिले-घेतले जाते. या कृतींना धरून ठेवणारे प्रयोजन पीक हे एकमेव असू शकत नाही.

वरील विवेचनावरून ते प्रयोजन दोन शब्दांत सांगता येईल: पाहुणचार आणि पाठवणी. शरद हा प्राप्तीचा ऋतू आहे, आणि प्राप्तीच्या क्षणी आपले म्हणून जे हाती येते त्यातले काही सोडून देण्याची सवय हे सण लावतात. पितर येतात आणि जातात. देवी येते आणि जाते. लेक येते आणि जाते. राजा येतो आणि जातो. अंकुर उगवतो आणि पाण्यात जातो. जे मागे राहते ते नाते: भोजलीचे, सोनपत्तीचे, कपाळाच्या शेणाचे, वाटून खाल्लेल्या खिरापतीचे. अथेन्सच्या स्त्रिया थेस्मोफोरियात जमिनीवर बसून उपवास करीत आणि तिसऱ्या दिवशी सुंदर संततीच्या नावाने उत्सव पुरा करीत. त्यांचा आणि रायपूरच्या फेरातल्या स्त्रियांचा ऐतिहासिक संबंध काही नाही. साम्य आहे ते एका अनुभवाला दिलेल्या आकाराचे. मातीतून घेतलेले मातीला द्यावे लागते आणि ते देताना माणसाला माणूस लागते.

या अर्थाला धोका शहरीकरणाचा तितकासा नाही. शेताविना हा अर्थ टिकतो, हे वर दिसलेच. धोका आहे तो दार बंद राहण्याचा. सुवा नाचणारी स्त्री फाटकाशी आली आणि तिला केवळ पैसे देऊन वाटेला लावले, तर पाहुणचार उरत नाही, व्यवहार उरतो. मराठी घरातील भुलाबाई आणि फाटकाबाहेरचा सुवा यांची गाणी एकच दुःख दोन भाषांत सांगतात. पण त्या दोन वर्तुळांची गाठ क्वचितच पडते. बिंबाजीच्या काळात सत्तेबरोबर आलेले पान छत्तीसगढने आपले केले आणि त्याला आपल्या भाषेत नाव दिले. उलट दिशेने मराठी घरांनी सुव्यातले किंवा भोजलीतले काय आपले केले, हा प्रश्न तौलनिक अभ्यासापुढे शिल्लक आहे. दुर्गा भागवत यांच्या 'ऋतुचक्र'ने १९५६ मध्ये मराठी वाचकाला ऋतूंकडे पाहायला शिकवले. ऋतूबरोबर दाराशी येणाऱ्या माणसाकडे पाहणे ही त्याच अभ्यासाची पुढची पायरी आहे.